पान न सुकवता पाहण्याची युक्ती
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पाच मिनिटे बोलावे, असा संयोजकांचा आदेश आहे. माझे काम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरचे. समोर डाळिंब बागायतदार बरेच दिसतात, म्हणून उदाहरण डाळिंबाच्या पानाचेच घेतो.

बागेत तेल्या आला की काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो झॅन्थोमोनास या जिवाणूमुळे होतो. पानावरच्या बारीक रंध्रांतून किंवा जखमेतून तो आत शिरतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. साध्या सूक्ष्मदर्शकात तो जेमतेम ठिपक्यासारखा दिसतो. रंध्राच्या तोंडाशी तो कसा बसला आहे हे पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

पण या यंत्राच्या आत निर्वात पोकळी असते. ओले पान ठेवले, की त्यातले पाणी उडून जाते आणि पान आक्रसते. शिवाय पानातून वीज नीट वाहत नाही. त्यामुळे विद्युतभार साचतो आणि चित्र पांढरेफटक पडते. म्हणून जुन्या पद्धतीत पान आधी रसायनात स्थिर करतात, मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून काढून त्यातले पाणी घालवतात, खास यंत्रात सुकवतात आणि शेवटी त्यावर सोन्याचा पातळ थर देतात. यात एखाददुसरा दिवस जातो, दोन महागडी यंत्रे लागतात. एवढे करून जे दिसते ते सुकलेले पान!

यावर तोडगा निघाला तो मिठातून. आपले खायचे मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. पण काही क्षार साध्या तापमानालाही द्रवरूप असतात. त्यांना आयनिक द्रव म्हणतात. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये असा एक क्षार नोंदवला, तो १२ अंशांनाच वितळतो. कारण सोपे आहे. सारख्या आकाराची डाळिंबे पेटीत घट्ट बसतात. वांगी, शेवगा आणि भोपळा एकत्र भरले तर बसत नाहीत. या क्षारांतले आयन असेच मोठे आणि वेडेवाकडे असतात, त्यामुळे त्यांचा घट्ट स्फटिक सहजासहजी बनत नाही.

हा द्रव निर्वातातही जवळजवळ उडत नाही आणि आयनांचाच बनलेला असल्याने वीज वाहून नेतो. २००६ मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठातील सुसुमु कुवाबाता आणि सहकाऱ्यांनी तो थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुढे त्यांनी समुद्री शेवाळ त्याने भिजवून पाहिले, तर ते फुगलेलेच राहिले. मोरावळ्यात आवळ्यातल्या पाण्याची जागा पाक घेतो, तसेच हे. पाण्यात थोडा आयनिक द्रव मिसळून नमुन्याला लावायचा, जादा टिपून घ्यायचा. पाणी उडते, द्रव राहतो. सोन्याचा थर नको आणि ते सुकवण्याचे यंत्रही नको.

मात्र ही जादू नव्हे. द्रव जास्त झाला तर बारीक खाचा बुजतात आणि जे पाहायचे तेच झाकले जाते. कमी झाला तर नमुना सुकतो. काही आयनिक द्रव पेशींना मारकही असतात. त्यामुळे कोणत्या नमुन्याला कोणता द्रव आणि किती, हे दर वेळी करूनच ठरवावे लागते.

हे इथे सांगण्याचे कारण असे, की नमुना तयार करण्याची महागडी यंत्रे नाहीत म्हणून आपल्या भागातल्या कितीतरी कॉलेजांतली मुले हा विषयच सोडून देतात. सूक्ष्मदर्शकाची वेळ दुसऱ्या संस्थेत मिळू शकते. अडते ते नमुन्याच्या तयारीपाशी. ती तयारी आता टेबलावर, थेंबाने होऊ शकते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला आहे. रोग आपल्या बागेतला, पान आपले. मग ते नीट पाहणारे डोळेही आपल्या मुलांचे का नसावेत?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला हे करावेसे वाटले तर जरूर भेटा. आणि बागायतदार मित्रांनो, त्यांनी पान मागितले तर नाही म्हणू नका.