एफची कॉर्ड आणि आमची बोटं

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आज वहीखातं बाजूला ठेवू आणि गिटारबद्दल बोलू. हसू आलं ना? आमच्या गावातही आधी सगळे हसलेच.

गटातल्या एका काकूंचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची गिटार खुंटीला तशीच टांगून राहिली. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, गटाचं स्वतःचं गाणं म्हणायचं आम्ही ठरवलं होतं. पेटीवाले बुवा ऐनवेळी येतीलच याचा भरवसा नाही. मग आम्ही पाच जणींनी ठरवलं, आपणच वाजवू. तालुक्याचा एक मुलगा चार मंगळवार शिकवायला आला. पैसे आपापले काढले, बचतीला हात लावला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली अडचण बांगड्यांची. उजव्या हाताने तारा छेडल्या की गाण्याआधी बांगड्याच वाजायच्या. त्या वर सरकवून रुमाल बांधला. दुसरी अडचण बोटांची. खुरप्याचे, विळ्याचे घट्टे आमच्या तळहाताला आहेत, पण बोटांची टोकं मऊच निघाली! तारा रुतून लाल वळ उठायचे. दोन-तीन आठवड्यांत टोकं निबर झाली.

खरी अडली ती एफची कॉर्ड. तिच्यात पहिल्या बोटाने पहिल्याच घरात सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या, आणि उरलेली तीन बोटं पुढच्या दोन घरांत बसवायची. तारांचं टोक जवळ असल्यामुळे पहिल्या घरात त्या सगळ्यात ताठ असतात. हाच आकार पाचव्या घरात धरला तर सोपा जातो. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, आम्हीच चाचपडून पाहिलं. अंगठा दांड्याच्या मागे मधोमध ठेवला, बोट जरा कडेवर कललं, तर जोर कमी लागतो. तरीही आवाज यायचा तो ठक्क, लाकडावर बोट मारल्यासारखा. धार काढून आल्यावर तर मनगट उचलायचंच नाही. शिकवणारा मुलगा म्हणाला, "कामाच्या हातांना हे नाही जमत." दोघी जणी दुसऱ्या मंगळवारी आल्याच नाहीत.

वाट काढली ती भजनातल्या आजींनी. त्या ऐकत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, तुम्ही पांढरी एकमध्ये गाताय. ही पुरुषांची पट्टी. तुमचा आवाज तळाला बसतोय." खरंच की! मुलाने त्याला सोयीचं ते शिकवलं होतं: सी, ए मायनर, एफ, जी. आम्ही गाणं पांढरी पाचवर नेलं. तिथे त्याच चार जागी जी, ई मायनर, सी, डी आल्या. एफ गेलीच, आणि गळाही मोकळा झाला. महिनाभर आम्ही आमच्या बोटांना दोष देत होतो.

आता एका ताईंचं सांगायचं आहे, त्यांना विचारूनच सांगतो. कडबाकुट्टीत त्यांच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं पेर गेलं. बैठकीत त्या तो हात पदराखाली ठेवून बसायच्या. गिटार त्यांनी कधी मागितली नाही, नुसत्या बघायच्या. एका मंगळवारी सगळ्या चहाला उठल्यावर त्यांनी ती उचलली. ई मायनरला दोनच बोटं लागतात, ती लगेच वाजली. जी आणि डीमध्ये अनामिकेच्या जागी त्यांनी करंगळी नेली. सीमध्ये करंगळी पोचेना, तर जाड दोन तारा सोडून दिल्या आणि दोन बोटांवर बारीक चार तारांची सी काढली. ऐकायला कुठेही अपुरी वाटत नाही.

पुढे आमच्या वाचनात आलं, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये जगभर वाजवलं. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "टोपण नको, पण हलक्या तारा घेऊ." त्या आणल्या. सगळ्यांचीच बोटं सुखावली. हे आधी करायला हवं होतं.

३ जानेवारीला ताईंनीच वाजवलं. मधल्या कडव्यात सीवर जाताना त्या जरा मागे पडल्या, आम्हीही त्यांच्यासाठी थांबलो. लोकांना ते कळलं असेल, असो. हात पदराबाहेर होता. त्या दोघी जणी पुढच्या मंगळवारी परत आल्या.

गिटार आता समाजमंदिरातल्या कपाटात असते. कुठल्या गटाला शिकायचं असेल तर मंगळवारी बैठकीनंतर या. डाव्या हाताची नखं तेवढी कापून या. एफ मात्र आम्हाला अजून येत नाही. कुणाला येत असेल, तर तिनेही यावं.