ज्या एक, उत्तरे दोन

इसवी सन २०२३ साली कोकणात गणपती दोनदा आले. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत ते २० ऑगस्टला आले, इतरांकडे १९ सप्टेंबरला. मुंबईहून मालवणास येणाऱ्या चाकरमान्याने रजा कोणत्या तारखेची मागावी?

चंद्रसूर्य तर दोन्ही घरांवर एकच. भेद होता तो राशिचक्राच्या आरंभबिंदूचा, सुमारे चार अंशांचा. त्या वर्षी १६ ऑगस्टला अमावास्या संपली, आणि बहुतेकांच्या गणिताने सूर्य दुसऱ्या दिवशी सिंह राशीत शिरला. सरलेला महिना संक्रान्तीवाचून राहिला, म्हणून अधिक ठरला. टिळक पंचांगाचा सूर्य सुमारे चार दिवस आधीच शिरला होता. तेथे तोच महिना निज श्रावण झाला. भेद चार दिवसांचा, पण तो नेमका सीमेवर पडल्याने सण महिनाभर लांबला.

संगणकातील भेद याहून फारच सूक्ष्म, सोळाव्या-सतराव्या अंकातला. पण खोड हीच. एकच आज्ञावली दोन यंत्रांवर चालविली, तर त्रिकोणमितीतील भुजज्येचा शेवटचा अंक जुळेलच असे नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व वर्गमूळ यांच्या उत्तरांचा शेवटचा अंक कसा ठरवावा, याचा नियम अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने १९८५ साली घालून दिला. भुजज्या, कोटिज्या, लॉगरिथम त्यातून सुटले. २००८ च्या सुधारणेत त्यांविषयी शिफारस झाली, सक्ती नाही. ही हयगय नव्हे. भुजज्येचे अंक बहुधा संपतच नाहीत. पुढचे अंक ४९९९... असे निघू लागले, तर आणखी किती काढल्यावर वर की खाली हे कळेल, ते आधी सांगता येत नाही. कोष्टके करणाऱ्यांचा हा जुना पेच होय. आर्यभटाने चोवीस ज्यांची अंतरे पूर्णांकांत दिली. त्याला सतराव्या अंकाची चिंता नव्हती.

एरवी या भेदाने कोणाचे काही बिघडत नाही. तिथी संपण्याचा क्षण व सूर्योदय एकावर एक आले, म्हणजे मात्र एक यंत्र चतुर्थी म्हणेल, दुसरे पंचमी. गंमत अशी, की हवेतील वक्रीभवनामुळे सूर्योदयाचा क्षण सेकंदापर्यंतसुद्धा नक्की सांगता येत नाही, आणि निवाडा मात्र सतराव्या अंकावर! अशा वेळी आज्ञावली रचणाऱ्याने दोन संख्या समान आहेत काय असे न विचारता, त्या किती जवळ आहेत हे विचारावे. आणि भुजज्या काढण्याची एकच रीत आज्ञावलीबरोबर सर्व यंत्रांवर धाडावी. चाकरमान्याची रजा त्याने सुटत नाही. ती घरच्या पंचांगावरच ठरते.