फळीची कड



आपल्या कळंब्यात पावसाळा कसा असतो, हे तुम्हांला सांगायला नको. तलाव भरतो, भिंतींना ओल येते, बरणीतले मीठसुद्धा पाझरते. या ओलीने आमचे एक कपाट खाल्ले. ती हकीकत ऐका.

वर्गाच्या पुस्तकांसाठी आम्ही फायबर बोर्डाचे कपाट केले. बाजारात या फळीला एमडीएफ म्हणतात. आम्हांला भारी घाई. फळ्या कापल्या, जोडल्या आणि लगेच रंग दिला. कपाट झकास दिसू लागले! पण आषाढात खालची कड फुगली. रंग तडकला. दार लागेना. ओल आत शिरली आणि पुस्तकांना बुरशी आली. दोष फळीचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

असे का झाले? लाकडाचे बारीक तंतू करतात. त्यांत चिकट राळ मिसळतात आणि उष्णता देऊन दाबतात. अशी ही फळी होते. तिची पाठ घट्ट असते, पण पोट सैल असते. फळी कापली की पोट उघडे पडते. वाळके चिपाड पाणी कसे पिते, तुम्ही बघितलंय ना? कडही तशीच पिते. एकदा फुगलेली फळी वाळली तरी पहिल्यासारखी होत नाही.

मग करायचे काय? नीट ध्यानात ठेवा.

पहिले, काचकागदाने कड घासा. घासताना नाकातोंडाला फडके बांधा. ही धूळ छातीला वाईट.

दुसरे, कडेला लाकडाची लांबी दाबून भरा. पुरती वाळू द्या. मग बारीक काचकागदाने गुळगुळीत करा आणि धूळ पुसा.

तिसरे, तेलाच्या प्रायमरचे अस्तर द्या. पाठीला एक हात, तर कडेला दोन. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. पाण्यात कालवलेले अस्तर उघड्या कडेला लावू नका, तंतू फुगतात.

शेवटी रंग द्या.

एवढे करूनही ही फळी न्हाणीत वापरू नका. कपाट जमिनीवर न टेकवता पायांवर उभे करा.

वर्गातल्या एका बाईंनी विचारले, "गुरुजी, खालची कड कुणाला दिसतीया? तिला कशाला रंग?"

आम्ही म्हणालो, "बाई, माणसाला दिसत नाही, पण ओल तिथूनच शिरते. आमचे कपाट तिथूनच गेले."

दुसरे कपाट आम्ही याच रीतीने रंगवले. काम चार दिवस लांबले. पण पावसाळा सरला तरी दार नीट लागते, आणि पुस्तके कोरडी आहेत.