संकटकाळातील मदत आणि सातबाऱ्यावरील नाव



कोरोना महासाथीच्या काळात शासनाने शेतकऱ्यांना जे अर्थसाहाय्य दिले, ते वाशीसारख्या कोरडवाहू तालुक्यात कोणाच्या पदरी पडू शकले आणि कोणाच्या नाही, याविषयी मी आज बोलणार आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. बालाघाटाच्या या पठारावर ते रब्बीच्या सुगीचे दिवस. धान्य खळ्यावर आणि आठवडी बाजार बंद, अशी स्थिती झाली. मिठाईची दुकाने बंद पडल्यावर भूम भागातल्या खवा-भट्ट्यांना तरी गिऱ्हाईक कुठून मिळणार? दुसऱ्याच दिवशी केंद्रीय अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी पंतप्रधान किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या आरंभीच देण्याचे जाहीर केले. सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना त्याचा लाभ व्हावयाचा होता. ही रक्कम नवी नव्हती. वर्षाकाठी मिळणाऱ्या ६,००० रुपयांतलाच तो पहिला हप्ता होता. परंतु हातात रोकड नसताना तो थेट खात्यात आला, हे महत्त्वाचे. राज्य शासनाने अतिरिक्त दूध लिटरमागे २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना आखली. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेतील ज्या खातेदारांचे काम टाळेबंदीमुळे अडले, त्यांची थकबाकी ‘शासनाकडून येणे’ मानून त्यांना खरिपासाठी नवे पीककर्ज द्यावे, असे मे २०२० मध्ये बँकांना सांगण्यात आले.

महासाथ ओसरली नव्हती तोच ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीने सोयाबीनची धूळधाण केली. २३ ऑक्टोबरला राज्य शासनाने १०,००० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. पिकांसाठी हेक्टरी १०,००० आणि फळबागांसाठी २५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत.

आता मुद्द्याची गोष्ट. या साऱ्या रकमा नावाने येतात आणि ते नाव सातबाऱ्यावरचे असते. जो बटईने जमीन कसतो, त्याला सन्मान निधी मिळत नाही, मग बियाणे त्याचे असो वा घाम त्याचा असो. माझ्या मते ही या योजनेची मोठी उणीव आहे. दुसरी उणीव मात्र आपल्याच घरातली आहे. वडील वारून दहा वर्षे झाली तरी उतारा त्यांच्याच नावे असतो. रानात राबणाऱ्या विधवेचे नाव लावायचे राहून जाते. सन्मान निधीसाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असावी लागते; त्यानंतर वारसाहक्काने आलेल्या जमिनीला मात्र सवलत आहे. म्हणजे दार उघडे आहे, फक्त नोंद हवी. २०२३ पासून राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीतून वर्षाला आणखी ६,००० रुपयांची जोड दिली, तीही याच यादीच्या आधारे. नाव नसेल तर दोन्ही निधी बुडतात.

वारसनोंदीसाठी मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. बहिणींची नावे गाळून ‘नंतर पाहू’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तसे करू नये, तो त्यांचा कायदेशीर हक्क आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनी हा अर्ज पावसाळ्यातच द्यावा. हरकतीची मुदत चालू असताना घरातले एखादे माणूस गावी असलेले बरे.