हवाई दलाची पात्रता
(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामांतील तरुणांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं सैन्यभरतीविषयीं बोलावें, हें कित्येकांस विसंगत वाटेल. परंतु ज्यांच्या नांवानें नागपूरचें कॅथेड्रल उभें आहे, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनींच ही शंका निवारिली आहे. १६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथांत ते सांगतात कीं, शिपायांच्या छावणींतून अथवा कारागिरांच्या कामशाळेंतून भक्तीला हद्दपार करूं पाहणें हा भ्रम होय. आम्हांस तर दोन्ही जवळच लाभल्या आहेत: कामठीस जुनी छावणी, आणि वायुसेनानगरांत हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचें मुख्य ठाणें. विमानें उडण्याजोगीं राखणें हें त्या कमांडचें काम.

हवाई दलांत शिरण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांतील दोन सांगतों. अधिकारी होऊं इच्छिणाऱ्यास बारावीनंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. वय सुमारें १६½ ते १९½. विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित. लेखी परीक्षेचे गुण ९०० आणि निवड मंडळापुढील कसोटीचेहि तितकेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ सालच्या आदेशानें हें द्वार मुलींसहि मोकळें झालें, आणि मे २०२५ मध्यें पहिल्या १७ जणी तेथून शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. दुसरा मार्ग २०२२ सालीं सुरू झालेल्या अग्निवीर-वायूचा. विज्ञान शाखेच्या अविवाहित उमेदवारास बारावीस गणित, भौतिकशास्त्र व इंग्रजी घेऊन निदान ५० टक्के गुण लागतात. इंग्रजींतहि स्वतंत्रपणें तितकेच. पुढें लेखी परीक्षा, १.६ किलोमीटरांची धाव आणि वैद्यकीय तपासणी.

अधिकारी निवडणारें मंडळ उमेदवारास कांहीं दिवस आपल्याजवळ ठेवून घेतें. एक परीक्षक त्याचें मन पारखतो, दुसरा मुलाखतींत वाणी, तिसरा मैदानावर सोबत्यांसह केलेली कृति. आणि शेवटीं तिघेहि आपापला निष्कर्ष ताडून पाहतात. पाठ केलेलीं उत्तरें येथें टिकत नाहींत. मित्रांनो, मिस्साच्या आरंभीं आपण विचारानें, शब्दानें आणि कृतीनें घडलेलीं पापें कबूल करितों. तीच ही त्रिविध परीक्षा! जो दर रविवारीं ती कबुली नुसत्या ओठांनीं न देतां अंतःकरणानें देतो, त्याची तयारी भरतीची जाहिरात निघण्यापूर्वींच सुरू झालेली असते.

आतां पालकांस अप्रिय वाटेल असें एक सत्य. अग्निवीराची मुदत ४ वर्षांची. योजनेप्रमाणें तुकडींतील अधिकांत अधिक २५ टक्क्यांस कायम सेवा. म्हणजे चारांतील तिघे ऐन तारुण्यांत घरीं परतणार. निवडींतच नाकारले जाणारे तर त्यांहूनहि अधिक. वैमानिकासाठीं असलेली संगणकावरील कसोटी आयुष्यांत एकदांच देतां येते. तींत जो राहिला त्यास विमान चालविण्याचें द्वार कायमचें मिटतें. तांत्रिक व भूसेवेच्या शाखांचीं द्वारें मात्र त्यास मोकळीं असतात, आणि विमान राखणाऱ्यावांचून उडविणाऱ्याचें चालत नाहीं, हें नागपूरकरांस सांगावयास नको.

अशा परतलेल्या मुलास अगर मुलीस आम्ही कोणत्या मुद्रेनें सामोरें जावें? ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीं आपण कफर्णहूमच्या शताधिपतीसारखी स्वतःची अपात्रता बोलून दाखवितों. तो शताधिपति शिपाईच होता. त्याची कबुली ऐकून प्रभूनें त्यास लोटलें नाहीं. उलट त्याच्या विश्वासाची वाखाणणी केली. मग ज्यास एखाद्या मंडळानें अपात्र ठरविलें, त्यास हिणविण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

म्हणून माझी विनंति एवढीच. सेवेंतून परतलेल्यांनीं संध्याकाळीं धाकट्यांस गणित व इंग्रजी शिकवावें. व्यापारी व कारखानदार बांधवांनीं त्यांच्या शिस्तीस आपल्या येथें काम द्यावें. आणि मातापित्यांनीं भरतीस निघालेल्या लेकरास आशीर्वाद देतांनाच सांगावें कीं, निकाल कांहींहि लागो, घराचें दार उघडें आहे. प्रभु आपणां सर्वांचें रक्षण करो.