‘ब्लायटी’ : घराचे उसने नाव

ग्वारीघाटी नर्मदेच्या काठी आज आम्हांस एक जुना इंग्रजी बोलीशब्द आठवतो : ‘ब्लायटी’. हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींनी तो ‘विलायती’वरून घडविला, मूळ अरबी ‘विलायत’ म्हणजे प्रांत. आपणांस जे परदेशी, तेच त्या शिपायांचे मायघर! १९१४-१८ च्या महायुद्धात तर मायदेशी धाडणाऱ्या जखमेसही ते ‘ब्लायटी’च म्हणत आणि ती भाग्याची मानीत.

त्या पलटणी परतल्या. आम्ही इथलेच झालो. पैलतीरापलीकडे, दक्षिणेस आमचा ‘देश’. पण आमची मुले ‘घरी जातो’ म्हणतात, ते जबलपूरलाच. त्याची खंत नाही. शिपायांनी घराचे नाव परभाषेतून उसने घेतले. ती पाळी आमच्या मुलांवर न येवो, एवढेच नर्मदामाईपाशी मागणे.