शेळी दिसते, शिक्षण कुठं दिसतं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत गटाची वही लिहिणाऱ्या एका ताईंनी केलेलं भाषण)



मी लातूर जिल्ह्यातली. माझी लेक नांदेडला इंजिनिअरिंग शिकते. मागच्या वर्षी ती म्हणाली, "आई, पुण्याला सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची परिषद आहे, मला जायचंय." घरात पहिला प्रश्न आला, नोकरी लागणार का? नाही. मग एवढ्या लांब पोरीला कशाला पाठवायलीस? मला उत्तर देता आलं नाही.

मी गटाच्या बैठकीत दोन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. एक ताई म्हणाल्या, "शेळीला कर्ज दिलं तर शेळी दिसते. ह्याचं काय दिसणार?" प्रश्न खरा होता. शेवटी ठराव झाला, पण अट घालून: मी सोबत जायचं आणि पाहिलेलं सगळ्यांना सांगायचं. म्हणून आज उभी आहे.

लातूरहून रात्रीच्या रेल्वेनं आम्ही पुण्याला गेलो. तायांनो, अशी परिषद म्हणजे त्यांची प्रभागसंघाची सभाच समजा. लेकीनं सांगितलं, पायथन नावाची संगणकाची एक भाषा आहे. साप नव्हे बरं का, एका विनोदी कार्यक्रमावरून ते नाव पडलं! गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली सगळ्यांसाठी खुली केली, वापरायला पैसे लागत नाहीत. ती वापरणाऱ्यांची 'पायकॉन इंडिया' ही परिषद २००९ पासून भरते. पहिली बेंगळुरूला झाली, २०११ ची आपल्या पुण्यात. भरवणारे स्वयंसेवकच असतात. कोणीही विषय लिहून पाठवावा, निवडला तर मंचावर बोलावं. शिवाय पाच-पाच मिनिटांची छोटी भाषणं असतात.

आम्ही गेलो ती परिषदही तशीच होती. माझ्या लेकीनं पाच मिनिटं मागून घेतली आणि आपल्या गटाची अडचण मांडली. बैठकीत रेंज गेली की मोबाईलवर भरलेली नोंद पुसून जाते, मग आई रात्री वहीवरून परत सगळं भरते. तिचे हात थरथरत होते, पण बोलली.

खाली उतरल्यावर दोन पोरं माझ्याकडं आली. "काकू, तुम्ही बैठकीत आधी बचत लिहिता का परतफेड?" मी कागदावर वहीचं पान काढून दाखवलं. तासभर त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तेव्हा कळलं, हे बनवणाऱ्यांनी आपली वही कधी पाहिलेलीच नसते. आपण सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं?

त्यांनी लेकीला मार्ग दाखवला: नोंद आधी फोनमध्येच साठवायची, रेंज आली की पुढं पाठवायची. तिनं कॉलेजचा प्रोजेक्ट त्याच्यावरच घेतला. काम अजून पुरं नाही. आमच्या गटात चाचणी चालू आहे आणि खरा हिशोब अजून वहीतच आहे. कर्ज मात्र चार हप्त्यांत व्याजासकट फिटलं.

तुमच्या लेकीनं असं काही विचारलं तर लगेच नाही म्हणू नका. आधी चौकशी करा. विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत आहे का? प्रवासाला मदत मिळते का? पायकॉन इंडियासारख्या परिषदेत गरजूंसाठी अशी मदत असते, पण अर्ज वेळेत करावा लागतो. राहायची सोय कुठं? कुणी त्रास दिला तर तक्रार कुणाकडं करायची? चांगल्या परिषदेत वागण्याचे नियम लिहून लावलेले असतात, ते आधी वाचून घ्या.

आपल्या दशसूत्रीत शिक्षण आहे. ते फक्त शाळेच्या फीपुरतं धरू नका. पुढच्या बैठकीत लेकींच्या अशा प्रवासासाठी कर्ज द्यायचा ठराव मांडा. हरकत घेणाऱ्या ताईंना बोलू द्या, त्यांचा प्रश्न वहीत लिहा आणि परत आल्यावर लेकीलाच उत्तर द्यायला उभं करा.